मराठी संशोधनपत्रिका सामाईक मुक्त मंचावर नेल्याने नेमके काय साधते?

नौपाड्यातील संपादिका

नमस्कार. ठाण्याचा स्थानिक इतिहास, खाडीकाठची गावे, देवळे, तलाव आणि बोली या विषयांवर मराठीतून शोधनिबंध छापणारे एक अर्धवार्षिक आमचे छोटे अभ्यासमंडळ गेली २२ वर्षे चालवत आहे. प्रत्येक अंकाच्या २५० प्रती निघतात. त्यांतल्या दीडशेच्या आसपास वर्गणीदारांकडे जातात, काही ग्रंथालयांना भेट दिल्या जातात आणि उरलेल्या सचिवांच्या घरी माळ्यावर राहतात. अंकाला आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) आहे आणि प्रत्येक निबंध दोन जाणकारांकडून तपासून घेण्याची शिस्त आम्ही एकदाही मोडलेली नाही.

गेल्या महिन्यात मासुंदा तलावावर प्रकल्प करणारी एक विद्यार्थिनी मला भेटली आणि या विषयावर मराठीत काही लिहिले गेले आहे का, असे तिने विचारले. आमच्याच एका जुन्या अंकात त्या तलावावर ३० पानांचा निबंध आहे, हे तिला ठाऊक नव्हते. तिने इंटरनेटवर पुष्कळ शोधले होते आणि तिच्या हाती लागले होते ते १८८२ साली छापलेले ठाणे जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर. परक्या राजवटीने १४० वर्षांपूर्वी केलेले पुस्तक तिला घरबसल्या वाचता येते, आणि तिच्या महाविद्यालयापासून पायी दहा मिनिटांवर लिहिला गेलेला निबंध मात्र तिला सापडत नाही, याचे मला फार वाईट वाटले.

मंडळापुढे आता तीन वाटा आहेत. एका प्रकाशन कंपनीने आमचे अर्धवार्षिक आपल्या संकेतस्थळावर घेण्याची तयारी दाखवली आहे, परंतु प्रत्येक निबंधामागे लेखकाकडून शुल्क घ्यावे, अंकाचे नाव इंग्रजी करावे आणि मराठी निबंध हळूहळू कमी करावेत, असे तिचे म्हणणे आहे. दुसरी वाट स्वतःचे संकेतस्थळ काढण्याची. तिसरी वाट आमच्या एका तरुण सदस्याने सुचवली: दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेत जसे प्रादेशिक मुक्त मंच आहेत, म्हणजे अनेक नियतकालिके एकत्र मोफत वाचता येतील अशी सामाईक संकेतस्थळे आहेत, तसा मंच शोधावा, आणि नसेल तर इतर मराठी नियतकालिकांना बरोबर घेऊन तो उभा करावा. आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांना भीती वाटते की सगळे फुकट वाचायला मिळू लागले तर वर्गणी कोण भरणार. या तिसऱ्या वाटेने नेमके काय साधते, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ग्रंथपाल (निवृत्त), वाशी

ताई, तुमच्या विद्यार्थिनीची गोष्ट वाचली आणि माझ्या नोकरीतली अनेक वर्षे डोळ्यांसमोरून गेली. प्रादेशिक मंचाचे मोल बहुतेक लोक ‘फुकट वाचायला मिळते’ एवढ्यावरच मोजतात. माझ्या मते ते मोल निबंध सापडण्यात, टिकण्यात आणि आपल्या ताब्यात राहण्यात आहे, म्हणून या तिन्ही गोष्टींविषयी लिहितो.

आधी सापडण्याविषयी. स्वतःच्या संकेतस्थळावर पीडीएफ चढवली की काम झाले, असा समज आहे. शोधयंत्रांना आणि ग्रंथालयांच्या सूचींना मात्र निबंधाचे शीर्षक, लेखक, सारांश, विषयशब्द, अंक आणि पृष्ठे ही माहिती ठरावीक साच्यात हवी असते. २००१ पासून यासाठी ओएआय-पीएमएच नावाची एक सर्वमान्य पद्धत आहे. एखादा मंच त्या पद्धतीने माहिती मांडतो, तेव्हा जगातल्या सूची ती आपोआप उचलून नेतात आणि प्रत्येक संपादकाला दारोदार फिरावे लागत नाही. अडीचशे प्रतींचे अर्धवार्षिक एकटे असले तर त्याची दखल कोणी घेत नाही, परंतु तशीच दोनशे नियतकालिके एका साच्यात, एका ठिकाणी आली की ती वगळणे सूचीकारांना परवडत नाही.

ब्राझीलमध्ये नेमके हेच घडले. तिथली वैज्ञानिक नियतकालिके बहुतांशी पोर्तुगीज भाषेत निघत आणि युरोप-अमेरिकेच्या सूचींमध्ये त्यांना जागा नव्हती. १९९७ साली काही मोजक्या नियतकालिकांना घेऊन सायलो हा प्रकल्प प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला आणि पुढच्या वर्षी तो नियमित झाला. आज लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांबरोबर स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण आफ्रिकाही त्या जाळ्यात आहेत, आणि २०१४ पासून वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचीत सायलोची स्वतंत्र उद्धरणसूची दिसते. सायलो सरसकट सर्वांना घेत नाही, हे विशेष लक्षात ठेवा. अंक वेळेवर निघतात का, परीक्षण खरोखर होते का, संपादक मंडळ एकाच संस्थेतले तर नाही ना, हे तपासले जाते आणि निकष न पाळणारे नियतकालिक वगळलेही जाते. मेक्सिकोतील तोलुका येथील विद्यापीठाने २००३ मध्ये सुरू केलेला रेदालिक हा दुसरा मोठा मंच आहे. तो पुढे अधिक ठाम झाला आणि लेखकाकडूनही शुल्क न घेणाऱ्या नियतकालिकांचा त्याने उघड पुरस्कार केला.

लांबचीच उदाहरणे द्यायला हवीत असे नाही. आपल्या शेजारच्या नेपाळात आणि बांगलादेशात २००७ पासून राष्ट्रीय पातळीचे असे मंच चालू आहेत. आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन हा १९९८ मध्ये इंग्लंडमधील एका संस्थेच्या मदतीने सुरू झाला आणि २००५ मध्ये त्याचा कारभार दक्षिण आफ्रिकेत गेला. ज्यांची नियतकालिके आहेत त्यांच्याच हाती कारभार आला, ही घटना मला त्यातल्या लेखसंख्येपेक्षाही मोठी वाटते.

आता टिकण्याविषयी. मी ज्या महाविद्यालयाच्या नियतकालिकाला मदत करत असे, त्याचे संकेतस्थळ एका ठेकेदाराने बांधून दिले होते. ठेकेदाराने व्यवसाय बंद केला, नावाचे वार्षिक नूतनीकरण कोणाच्या लक्षात राहिले नाही आणि सहा वर्षांचे अंक एका सकाळी दिसेनासे झाले. माझ्या कपाटात छापील प्रती होत्या म्हणून ते लेखन वाचले. हे केवळ आमचेच दुर्दैव नव्हते. २००० ते २०१९ या काळात पावणेदोनशेच्या आसपास मुक्त नियतकालिके इंटरनेटवरून पूर्णपणे नाहीशी झाल्याचे संशोधकांनी मोजून दाखवले आहे. चांगल्या मंचावर प्रत्येक निबंधाला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो, आणि त्याच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणच्या संगणकांवर जपल्या जातात. एक संस्था बंद पडली तरी क्रमांकाचा पत्ता बदलून वाचकाला नव्या जागी पोहोचवता येते.

तुमच्या विश्वस्तांच्या शंकेचे उत्तर आपल्या मुंबईतच आहे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाशी निगडित असलेले ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघते. या शतकाच्या आरंभी त्याचे अंक इंटरनेटवर सर्वांना खुले झाले आणि लेखकांकडूनही पैसे घेतले गेले नाहीत. छापील वर्गणी त्यामुळे घटली नाही, असा अनुभव ते काम करणाऱ्यांनीच पुढे मांडला. लोकांनी आधी वाचले, मग ग्रंथालयाला मागवायला सांगितले. तुमच्या दीडशे वर्गणीदारांपैकी किती जण अंक संग्रही ठेवण्यासाठी आणि मंडळावरील लोभापोटी वर्गणी भरतात, हे एकदा पाहा. ते वर्गणीदार कुठे जाणार नाहीत.

त्याच उदाहरणाची दुसरी बाजूही सांगतो. त्या नियतकालिकाचे काम पाहणारी मेडनो ही मुंबईची प्रकाशनसंस्था पुढे अनेक वैद्यकीय संघटनांची नियतकालिके सांभाळू लागली आणि २०११ मध्ये ती वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. यात बेकायदा असे काही नाही. खाजगी मालकीची संस्था कितीही चांगले काम करत असली तरी ती विकली जाऊ शकते, आणि विक्रीच्या वेळी लेखक-संपादकांना कोणी विचारत नाही, एवढेच मला त्यातून दिसते. म्हणून मंच विद्यापीठाचा, ग्रंथालयांचा किंवा नियतकालिकांच्या संघाचा असावा, आणि बाहेर पडायचे झाल्यास सर्व निबंध व त्यांची माहिती सोबत नेता येईल हे करारात लिहिलेले असावे. कंपनीचा जो प्रस्ताव आला आहे त्यात हे कलम आहे का, ते आधी पाहा. नाव बदला आणि मराठी कमी करा, असे सांगणाऱ्याला तुमचे अर्धवार्षिक नको आहे, त्याला तुमचा आयएसएसएन हवा आहे, असे मला स्पष्ट वाटते.

खाडीअभ्यासक, ऐरोली

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु भाषेचा मुद्दा त्यात ओझरता आला आहे आणि माझ्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

मी ठाणे खाडीतील मासेमारीवर काम करते. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. त्यानंतर खाडीवरचे इंग्रजी शोधनिबंध वाढले आहेत आणि ते चांगलेच आहे. माझाही एक निबंध परदेशातील नियतकालिकात छापून आला. डोल जाळे कुठल्या भरतीला लावतात, चिंबोरी कुठल्या चिखलात मिळते, निवटी कधीपासून कमी झाली, हे सारे मला ज्या कोळी काकांनी अनेक दिवस होडीत बसवून समजावले, त्यांनी छापलेले पान मागितले तेव्हा त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. निबंध शुल्काच्या भिंतीआड होता आणि शिवाय इंग्रजीत होता. परीक्षकाच्या सूचनेवरून मी स्थानिक नावे मजकुरातून काढून परिशिष्टात टाकली होती. ज्या नावांमध्ये त्या लोकांचे वर्गीकरण, म्हणजेच त्यांचे शास्त्र साठवलेले आहे, तीच नावे मी स्वतःच्या हाताने मागे ढकलली, याची मला आजही खंत आहे.

‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ आल्यामुळे हा प्रश्न सुटला, असे काही सहकारी म्हणतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या त्या योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना वाचता येतात. माझ्या विद्यार्थ्यांना तिचा खरा लाभ होतो, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. पण कोळीवाड्यातला सहकारी सोसायटीचा सचिव, महापालिकेतील अभियंता, कांदळवनासाठी झटणारा कार्यकर्ता किंवा शाळेतली शिक्षिका यांपैकी कोणीही त्या योजनेत बसत नाही. आणि त्या १३,००० नियतकालिकांत विटाव्याच्या किंवा दिव्याच्या माणसाला आपल्या भाषेत वाचता येईल असे काय मिळणार? ती योजना जगाचे ज्ञान आपल्या संस्थांपर्यंत आणते. आपले ज्ञान आपल्या माणसांपर्यंत आणि जगापर्यंत नेण्याचे काम तिच्याकडून अपेक्षितच नाही, त्यासाठी वेगळी व्यवस्था लागेल.

मराठीत लिहिले तर जगाला कळणार नाही, ही भीतीही पूर्ण खरी नाही. ओपन जर्नल सिस्टिम्स ही नियतकालिके चालवण्याची मोफत संगणकप्रणाली जगभरातील हजारो नियतकालिके वापरतात. तिच्यात एकाच निबंधाचे शीर्षक आणि सारांश दोन-तीन भाषांत भरता येतात. निबंध मराठीत, सारांश मराठी व इंग्रजीत आणि लेखकाचे नाव दोन्ही लिप्यांत, एवढे केले तरी साओ पावलोतल्या खाडीअभ्यासकाला तुमचा निबंध अस्तित्वात आहे हे कळते. विद्वत्-व्यवहारातील बहुभाषिकतेसाठी २०१९ मध्ये हेलसिंकी येथून जाहीरनामा निघाला आणि २०२१ च्या युनेस्कोच्या मुक्त विज्ञानविषयक शिफारशीतही बहुभाषिकतेला स्थान मिळाले. आपण मागासलेली मागणी करत नाही आहोत, एवढे तरी विश्वस्तांना सांगावे.

प्राध्यापक, ठाणे पूर्व

मला हा विचार मनापासून पटतो, तरीही दोन अडचणी मांडल्याशिवाय राहवत नाही, कारण त्या न सोडवता पुढे गेलात तर तीन वर्षांत उत्साह संपेल.

पहिली अडचण लेखक मिळण्याची. आमच्यासारख्यांची पदोन्नती बराच काळ मान्य यादीतील नियतकालिकांवर अवलंबून होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या त्या वेळच्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यांत पैसे घेऊन काहीही छापणारी पुष्कळ होती. त्यानंतर केअर ही आयोगाची नवी मान्य यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद करून, नियतकालिकाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. या बदलामुळे प्रादेशिक मंचाला मोठी संधी आहे, असे मला वाटते. तुमचे परीक्षण कसे होते, निबंध कधी आला, कधी सुधारला, कधी स्वीकारला, हे सारे मंचावर उघड दिसले तर निवड समितीपुढे मराठी निबंध ठेवताना मला मान खाली घालावी लागणार नाही. हे उघड दिसले नाही, तर ‘फुकट आणि मराठी’ म्हणजे हलके, हा आधीच घट्ट बसलेला समज आणखी घट्ट होईल.

दुसरी अडचण पैशांची आहे. वाचकाकडून घ्यायचे नाही, लेखकाकडूनही घ्यायचे नाही, तर संगणक, तंत्रज्ञ, मुद्रितशोधन आणि डीओआयचे शुल्क कोणी भरायचे? लेखकाकडून घेण्याचा मार्ग कुठवर जातो, ते ‘नेचर’ या विज्ञाननियतकालिकाने २०२१ मध्ये मुक्त निबंधासाठी ठेवलेल्या ९,५०० युरोंच्या दरावरून दिसते. तो मार्ग आपला नव्हेच. पण ‘सगळे स्वयंसेवकांवर’ हाही मार्ग नव्हे. ब्राझीलचे उदाहरण वर आले आहे, त्यात एक तपशील भर घालण्यासारखा आहे. सायलोमागे देशाच्या केंद्र सरकारपेक्षा साओ पावलो या एका राज्याची संशोधननिधी संस्था उभी होती, आणि त्या राज्याच्या घटनेनुसार राज्याच्या करउत्पन्नाचा एक टक्का त्या संस्थेला मिळतो. म्हणजे एका राज्याने मनावर घेतले म्हणून हे झाले. महाराष्ट्र हेही मोठे राज्य आहे. राज्य मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत ठेवू शकते, साहित्य संस्कृती मंडळाची पुस्तके खुली करू शकते, तर मराठी संशोधनपत्रिकांसाठी एक सामाईक मंच का चालवू शकत नाही? आज असा मंच नाही. ‘परामर्श’, ‘नवभारत’, ‘भाषा आणि जीवन’ यांसारख्या नियतकालिकांनी अनेक दशके जे विचारधन जमवले आहे, ते एका शोधात, एका ठिकाणी मिळायला हवे, ही मागणी एकट्या अर्धवार्षिकाने करण्यापेक्षा आठ-दहा संपादकांनी एकत्र केली तर तिला वजन येईल.

मंच उभा राहीपर्यंत एखाद्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे ओपन जर्नल सिस्टिम्स बसवण्याची विनंती करावी आणि पाच नियतकालिकांनी मिळून तिचा खर्च उचलावा, असे मी सुचवेन. पीएच.डी. प्रबंधांचा शोधगंगा हा मुक्त संग्रह हे आपल्या समोरचे उदाहरण आहे. २००९ मध्ये आयोगाने प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक केले तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली होती, आणि आज तिथे लाखो प्रबंध पूर्ण मजकुरासह वाचता येतात. शोधगंगा चालवणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटसारखी सार्वजनिक संस्था मागे असली की काम टिकते.

नौपाड्यातील संपादिका

सर्वांचे मनापासून आभार. काल ही उत्तरे छापून बैठकीत वाचली. विश्वस्तांनी कंपनीचा प्रस्ताव नाकारण्यास संमती दिली आहे आणि डोंबिवली व पनवेल येथील दोन नियतकालिकांच्या संपादकांशी बोलायचे ठरले आहे. आता माझ्यापुढे जुन्या अंकांचा प्रश्न आहे. २०१४ पर्यंतचे सर्व अंक श्रीलिपीत जुळवलेले आहेत. पीडीएफ उघडते, डोळ्यांना मराठी दिसते, परंतु ‘मासुंदा’ हा शब्द शोधला तर काहीच सापडत नाही. शिवाय जुन्या लेखकांपैकी काही जण हयात नाहीत. त्यांचे निबंध खुले करण्याचा अधिकार आम्हांला आहे का?

ग्रंथपाल (निवृत्त), वाशी

ताई, बैठकीचा निर्णय वाचून समाधान वाटले.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतींत पडद्यावर देवनागरी आकार दिसतो, पण त्यामागे साठवलेली असतात ती रोमन अक्षरांची सांकेतिक चिन्हे. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसतोच. मराठीतले फार मोठे लेखन याच कारणामुळे इंटरनेटवर असूनही नसल्यासारखे आहे. मूळ जुळवणीच्या फायली मुद्रकाकडे असतील तर रूपांतरकाच्या मदतीने त्या युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात आणता येतात. रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्य’सारखी अक्षरे मात्र हमखास बिघडतात, म्हणून प्रत्येक पान माणसाने वाचलेच पाहिजे. फायली नसतील तर पाने स्कॅन करून ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे संगणकाकडून ओळखून घेण्याचे काम करावे लागेल. सगळे अंक एकदम हाती घेऊ नका. प्रत्येक निबंधाचे शीर्षक, लेखक, पृष्ठे आणि पाच ओळींचा सारांश एवढेच आधी युनिकोडमध्ये टंकून घ्या. पूर्ण मजकूर नंतर आला तरी चालेल. तुमच्या विद्यार्थिनीला निबंध आहे हे कळायला एवढे पुरेसे होते.

अधिकाराविषयी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे राहतो. तुम्ही लेखकांकडून त्या वेळी लेखी काही घेतले नसेल, तर निबंध खुला करण्यापूर्वी लेखकांची किंवा वारसांची संमती घ्यावी लागेल. हे काम कंटाळवाणे वाटते, पण मी एकदा असे ४० पत्रांचे काम केले आहे. वारसांपैकी बहुतेकांना वडिलांचे लेखन कोणाला तरी हवे आहे याचाच आनंद होता, आणि दोघांनी तर अप्रकाशित टिपणांच्या वह्या आणून दिल्या. संमतीपत्र एका पानाचे, सोप्या मराठीत करा. त्यात क्रिएटिव्ह कॉमन्सचा (लेखन इतरांना कसे वापरता येईल हे सांगणारा) कोणता परवाना लागू होईल आणि त्याचा अर्थ काय, हे दोन वाक्यांत लिहा. नव्या लेखकांकडून हेच पत्र निबंध स्वीकारतानाच भरून घ्या.

मला आता वेळ आहे आणि वाशीहून ठाण्याला यायला ट्रान्स-हार्बर गाडीने फार वेळ लागत नाही. पहिल्या दहा अंकांच्या अनुक्रमणिका मी टंकून देतो. माळ्यावरच्या प्रतींमधून त्या दहा अंकांचा एक संच बाजूला काढून ठेवा, आणि मासुंदा तलावाच्या निबंधाचा अंक त्यात सर्वांत वर असू द्या.